तालुक्यातले मुतखडे

गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत. एक मोरगावची आणि दुसरी आमची, सडकेवरची. मुंबई-कोलकाता हमरस्ता आमच्या अंगावरून जातो म्हणून ही सडक अर्जुनी. पार्सलं, पाहुणे आणि लग्नाच्या पत्रिका हटकून मोरगावला जातात आणि तिथून शिव्या खात परत येतात. एवढं सोडलं तर गाव चांगलं आहे. खोड एकच. सडकेवर असल्यामुळे इथं काही लपत नाही. सकाळी कोहमाऱ्याच्या फाट्यावर तुम्ही कुठल्या गाडीची वाट बघत होतात, यावरून दुपारपर्यंत तुमचा रोग ठरलेला असतो. साकोलीची गाडी असेल तर दात किंवा डोळे. गोंदियाची असेल तर जरा मोठं काहीतरी. नागपूरच्या गाडीला हात दाखवलात, तर तुमच्या मेहुण्याला फोन गेलेला असतो.

अशा गावात, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या आणि पन्नाशीला टेकलेल्या माझ्यासारख्या मास्तरला जो आजार झाला, तो छापायला संपादकांची हरकत नाही. उच्चारायला माझीच होती. लिंगाला ताठरता येत नव्हती. झालं, लिहिलं. हे एक वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी एरवी नववीचा अख्खा गठ्ठा तपासून काढतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या नावाचे दोन पाठ आहेत. दुसऱ्यात मानवी प्रजननसंस्था येते. पहिला पाठ मी खडू झिजेपर्यंत शिकवतो. दुसऱ्याच्या अमिबा, यीस्ट, जास्वंदापर्यंत मोठ्या उत्साहानं येतो, आणि माणसाची आकृती आली की म्हणतो, “हे सोपं आहे, घरी वाचा.” नोकरीला लागल्यापासून हाच शिरस्ता. ज्या विषयाला आयुष्यभर ‘घरी वाचा’ म्हटलं, तो एके दिवशी घरीच वाचायची पाळी आली.

पहिल्या वेळी मी दोष रोवणीला दिला. आमच्या धानाच्या दोन बांध्या आहेत. त्या वर्षी रोवायला बायका मिळेनात आणि मी स्वतः गुडघाभर चिखलात उतरलो होतो. दमला असेल माणूस. पुढच्या वेळी निवडणुकीच्या ड्यूटीला दिला, त्यापुढच्या वेळी पोरीच्या नीटच्या निकालाला. मग वेतन आयोगाचा थकलेला हप्ता, घराचं गळणारं छत, मुख्याध्यापकांचा स्वभाव. किरकोळ रजेच्या अर्जात जी कारणं लिहितात ती सगळी मी बिछान्यात वापरून संपवली. बायको दरवेळी कूस बदलून म्हणायची, “होते जी, झोपा आता.” तिनं भांडण काढलं असतं तर परवडलं असतं. त्या ‘होते जी’तली दया मला सहन होईना.

विज्ञानाचा माणूस असल्यामुळे मग मी निदान स्वतःच केलं: मनाचा रोग. याला आधारही होता. फार वर्षांपूर्वी नागपूरला घेतलेलं डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ माझ्या कपाटात वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलेलं आहे, आणि कव्हरावर पोरांना संशय येऊ नये म्हणून मी ‘सेवा नियम’ असं लिहिलं आहे. ते काढलं. आणखी जे मिळेल ते मोबाईलवर, आवाज बंद करून, वाचलं. गोष्ट अशी की ताठरता आणण्याचं काम निवांतपणाच्या मज्जातंतूंचं असतं, पाठ्यपुस्तकात ज्यांना परानुकंपी म्हणतात त्यांचं. भीती वाटली की त्यांच्या विरुद्ध पक्षाची, म्हणजे अनुकंपी मज्जातंतूंची सत्ता येते. अॅड्रेनॅलिन सुटतं, नको तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. यात शरीराचा काही खोडसाळपणा नाही. मुरदोलीच्या जंगलात वाघ आडवा आला तर रक्त पायांत जायला हवं, इतरत्र जाऊन काय करणार? माझ्या शरीराला तो वाघ गादीवर दिसत होता, एवढंच.

अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं १९७० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. एकदा फजिती झालेला पुरुष पुढच्या वेळी प्रेम करत नाही, कोपऱ्यात उभा राहून स्वतःकडे बघत बसतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मी मांडीवर थाप मारली. आमच्या केंद्रावर दहावीच्या परीक्षेला भरारी पथक येतं, तेव्हा कॉपी न करणाऱ्या पोरालाही घाम फुटतो आणि येत असलेलं उत्तर तो विसरतो. माझ्या बाबतीत परीक्षार्थी मी, पर्यवेक्षक मी आणि दर दोन मिनिटांनी दार ढकलून आत येणारं भरारी पथकही मीच. पेपर कोरा राहणार नाही तर काय होणार?

निदान इतकं चोख जमलं की मी खूश झालो. औषध काय तर चिंता करायची नाही. त्याप्रमाणे मी संध्याकाळी पाच वाजल्यापासूनच, आज रात्री चिंता करायची नाही, याची चिंता करायला लागलो.

ही विद्या एकट्यात ठेवणं जड झालं तेव्हा खर्‍याच्या टपरीवर आमच्या पीटीच्या मास्तरांशी आडवळणानं बोललो. “एका मित्राला” असा त्रास आहे, असं सांगितलं. हा मित्र सगळ्यांनाच असतो. त्यांनी पन्नीत घोटलेला खर्रा माझ्या हातावर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “मित्राले मुसळी सांगा गुरुजी. सफेद.” सफेद मुसळी आमच्या विदर्भाला नवीन नाही. ती जंगलात उगवते, आणि वीसेक वर्षांपूर्वी तिच्या लागवडीचं असं वेड आलं होतं की कास्तकारांनी महागडं बेणं घेऊन लाखांची स्वप्नं पाहिली. बेणं विकणारे श्रीमंत झाले. कास्तकाराच्या घरी मुळ्या वाळत पडल्या. पीटीच्या मास्तरांकडे त्याच पिढीतला साठा असावा, कारण त्यांनी तो फारच आपुलकीनं दिला. मी आईला सांगितलं, गुडघ्यांसाठी आहे. आईनं तूप, सुकामेवा आणि भरपूर गूळ घालून लाडू वळले. रोज दुधासोबत दोन. मुसळीनं काय केलं ते मुसळीला ठाऊक, पण गुळानं आपलं काम बिनबोभाट चालवलं होतं. ते पुढं येईलच.

मुसळी झाली, आता तंबू. हमरस्त्याच्या कडेला, ढाब्यांच्या अलीकडे, हिवाळ्यात एखादा तंबू लागतोच. बाहेर बरण्या, बरण्यांत मुळ्या, कातडी, काळं तेल, आणि मागं पहिलवानाचं चित्र. दिवसभर ट्रक जात असतात आणि तंबूच्या पडद्याला वारा लागून आत बसलेल्या गिऱ्हाइकाचे पाय दिसतात. चपलांवरून माणूस ओळखण्यात आमचं गाव वाकबगार आहे, म्हणून मी पीटीच्या मास्तरांचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले. (याचा परिणाम असा की त्यांच्याबद्दल गावात अजून बोललं जातं. त्यांना कारण माहीत नाही.) आतल्या वैदूनं माझी नाडी धरली, खालची पापणी ओढली आणि हिंदीत एकच प्रश्न विचारला, “बचपन में गलती किए थे?”

आता या प्रश्नाला कुठला पुरुष नाही म्हणेल? मी मान खाली घातली. तो म्हणाला, “नस मर गई है.” आणि तिथं, त्या तंबूत, चाळीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल मला खरोखर पश्चात्ताप झाला.

मी विज्ञान शिकवतो हे पुन्हा सांगतो. हस्तमैथुनानं नस मरत नाही, काहीच मरत नाही, हे मला माहीत होतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते असल्याच भित्या घालवायला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या मोकळ्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि तरी कर्व्यांना दंड झालाच. मराठी माणसाला ही गोष्ट समजावण्यासाठी एवढे मोठे लोक एवढे झिजले, आणि मी, बी.एस्सी., बी.एड., कॅनव्हासचे बूट घालून ‘नस मर गई’ ऐकत बसलो होतो. १९५४ पासून देशात कायदा आहे, नपुंसकत्व बरं करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. त्या कायद्याची प्रत माझ्या हातात असती तर मी तिच्यात पुडी बांधून घेतली असती.

पुड्या घेतल्या. भस्म म्हणाला तो. रात्री एक घेतली आणि सांगायला आनंद वाटतो की चमत्कार झाला. बायको चकित, मी तिच्याहून चकित. सोबत डोकं ठणकायला लागलं, नाक चोंदलं, कानशिलं तापली, आणि पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघराची ट्यूबलाइट निळसर दिसली. मी म्हटलं, हीच ती तेजोवृद्धी. सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो तरी तोंड लालबुंद होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, “काय गुरुजी, कुणावर चिडलात?”

आठवडाभरानं पुन्हा गेलो तर तंबू उठलेला. पिवळं पडलेलं चौकोनी गवत, चुलीच्या तीन विटा आणि एक फुटकी बरणी, बस्स. नस मारून ठेवून माणूस निघून गेला होता.

मग पोस्टाच्या तिकिटांचं प्रकरण. हे मी वाचलं आणि मला अतिशय शास्त्रीय वाटलं. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या त्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. तो झोपलेला असतो, त्यामुळे भरारी पथकही झोपलेलं असतं. म्हणजे रात्री यंत्रणा चालत असेल तर बिघाड मनात, आणि रात्रीही बंद असेल तर शरीरात. हे ओळखायला १९८० साली काही अमेरिकी डॉक्टरांनी सोपी युक्ती सुचवली होती. पोस्टाच्या तिकिटांची पट्टी रात्री झोपताना त्या जागी गोल चिकटवून ठेवायची. सकाळी ती छिद्रांवर फाटलेली मिळाली तर समजायचं, रात्री यंत्रणा चालली होती. खर्च अगदी किरकोळ.

मी पोस्टात गेलो. आजकाल तिकीट मागणारा माणूस दिसत नाही, त्यामुळे खिडकीपलीकडच्या बाबूला गहिवरून आलं. “पत्र लिहिता का गुरुजी अजून?” मी म्हटलं, छंद आहे. छंद म्हटल्यावर त्यानं ड्रॉवर उपसून निरनिराळ्या प्रकारची तिकिटं माझ्यापुढं पसरली, आणि त्यातली एक पट्टी मी घरी आणली. रात्री, सगळे झोपल्यावर, न्हाणीत दिव्याखाली ती उलगडली आणि पाहतो तर प्रत्येक तिकिटावर थोर पुरुष. कोण ते सांगत नाही. एवढंच सांगतो की यांच्या जयंतीला शाळेत प्रास्ताविक मी करतो. चष्म्यातून ते माझ्याकडे पाहत होते, ओळीनं, सहाच्या सहा. मी दिवा मालवला, त्यांना नमस्कार केला आणि पट्टी कपाटात, ‘सेवा नियमां’त ठेवून दिली. पुढं ती माहितीच्या अधिकाराच्या अर्जांना लागली. शास्त्राचं मात्र त्या रात्री नुकसान झालं.

शेवटी गोंदियाची गाडी धरली. मुद्दाम एसटी टाळून सौंदडहून रेल्वेनं गेलो, म्हणजे फाट्यावर दिसायला नको. मूत्ररोगतज्ज्ञाच्या दवाखान्याचा जिना चढलो, दार ढकललं आणि समोरच्या बाकावर आमचा तालुका बसलेला. एक ग्रामसेवक. एक राईस मिलवाले. झाडीपट्टीच्या नाटकात दरवर्षी खलनायक होणारे, आणि मंडईच्या जत्रेच्या दिवसांत ज्यांच्या नुसत्या हसण्यावर बाया पदर सावरतात, असे एक कलावंत, मांडीवर हेल्मेट धरून. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या तक्त्याकडे पाहिलं.

“काय गुरुजी, काय झालं?” ग्रामसेवकानं शेवटी विचारलं.

“मुतखडा,” मी म्हटलं. “तुमचं?”

“मुतखडाच.”

मिलवाल्यांनाही मुतखडाच होता, दोन्ही बाजूंना. खलनायकाचा तर म्हणे एवढा होता की दिसतही नव्हता. आमच्या तालुक्यात त्या एका सकाळी एवढे मुतखडे निघाले की त्यांत एखाद्या मालगुजारी तलावाची पाळ बांधून झाली असती. मग तासभर आम्ही कुळथाचं पाणी, पानफुटी आणि बिअर यांवर अत्यंत अभ्यासपूर्ण चर्चा केली. एकेकाचं नाव पुकारलं जाई, तो आत जाई आणि बाहेर येताना चिठ्ठी मुठीत घडी करून आणी. मुतखड्याचा एक्स-रे कुणाच्याच हातात नव्हता.

डॉक्टर तरुण होते. माझ्या पोरीहून दहाबारा वर्षांनीच मोठे असतील. मी ‘मुतखडा’ म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी वर न बघता विचारलं, “सकाळी उठल्यावर ताठरता असते का?” एवढं साधं. ना मान खाली, ना आवाज खाली. मी म्हटलं, हल्ली नसते. “एकदम झालं की हळूहळू?” हळूहळू. “तहान?” लागते. “रात्री लघवीला?” तीनदा. “तंबाखू?”

इथं मला थोडं थांबावं लागलं. आमची शाळा तंबाखूमुक्त आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि आमच्याकडे ती हद्द दाखवणारी पिवळी रेघ सडकेवर मीच, पोरांना बरोबर घेऊन, टेप धरून मारून घेतली. खर्‍याची टपरी रेघेच्या पलीकडे चार पावलांवर आहे. ते अंतर मी मोजूनच ठेवलं होतं. तिथं दिवसातून चारपाच वेळा जाणं होतं. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून टायरच्या पट्टीवर घासतो तो पोरगा. माझाच विद्यार्थी. मला बघितलं की आपोआप घासायला लागतो.

“खर्रा,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, चिठ्ठीवर रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सकाळचं टेस्टोस्टेरॉन लिहिलं. दुसऱ्या दिवशी कागद आले. हार्मोन ठीक. चरबी वाढलेली. रक्तदाब वर. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या पुढं, म्हणजे मधुमेह आज-कालचा नव्हता, ऐसपैस बस्तान मांडून बसलेला होता. मला लाडू आठवले. रोज दोन, दुधासोबत.

मग त्यांनी कागदाच्या मागं दोन नळ्या काढल्या. लिंगाकडे जाणारी रक्तवाहिनी एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. साखर, तंबाखू, दाब आणि चरबी दोन्हीकडे सारखंच काम करतात. मग आधी तक्रार कोण करणार? बारीक नळीच करणार. हृदयाची कुरकुर कित्येकदा दोन-चार वर्षांनी येते. साखर नसाही खराब करते, म्हणजे निरोप नेणाराही लंगडा आणि रस्ताही अरुंद. “तुमच्या त्या भागाचे आभार माना,” ते म्हणाले, “छातीत कळ येण्याआधी त्यानं तुम्हाला इथवर आणलं.” मी आयुष्यात बऱ्याच जणांचे आभार मानले आहेत, सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं, पण हे नाव यादीत कधी नव्हतं.

“म्हणजे मनाचं काही नव्हतं?” मी विचारलं. माझं भरारी पथकाचं संशोधन वाया जात होतं.

“असं कसं?” ते म्हणाले. “पहिल्यांदा शरीरानं दगा दिला, त्यानंतरच्या प्रत्येक वेळी भीतीनं. आता दोन्ही मिळून येतात.”

मला वाटतं, आपल्याला हे ‘मन की शरीर’ असं भांडण फार आवडतं, कारण मनाचं असेल तर लाज आणि शरीराचं असेल तर म्हातारपण, आणि दोन्हींतून निसटायला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. सुश्रुतानं क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले, त्यात मानसिक आहे, जन्मजात आहे, इजेनं होणारं आहे, आणि खाण्यापिण्याच्या अतिरेकानं होणारंही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस एवढं वेगवेगळं करून सांगतो, आणि मी एकविसाव्या शतकात एक मुळी आणि एक पुडी यांवर भागवत होतो.

आधुनिक डॉक्टरही काही फार पूर्वी शहाणे झाले नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी तेही बहुतांशी याला मनाचाच रोग मानत. ते बदललं त्याची एक हकीकत आहे आणि ती कळल्यापासून माझ्या मनातली बरीच लाज गेली. जाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ. १९८३ साली अमेरिकेत, लास वेगासला, मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांचं संध्याकाळचं व्याख्यान होतं. श्रोते नटूनथटून आलेले, बरोबर बायकाही. ब्रिंडली साहेब आले ते ट्रॅकसूटमध्ये. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध थेट त्या जागी टोचलं की ताठरता येते, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून, स्लाईड दाखवून सांगितलं. मग म्हणाले की व्याख्यान देणं ही काही कामोत्तेजक गोष्ट नाही, हे तुम्हीही मान्य कराल. आणि मी येण्याआधी हॉटेलच्या खोलीत इंजेक्शन घेऊन आलो आहे. एवढं बोलून त्यांनी ट्रॅकसूट घट्ट ओढून दाखवला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून खाली केला. आणि खात्री करून घ्या म्हणत ते पहिल्या रांगेकडे चालू लागले. पहिल्या रांगेतून किंकाळ्या आल्या तेव्हा कुठे व्याख्यान आटोपलं. शिक्षणात प्रात्यक्षिकाला पर्याय नाही, हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. मी मात्र ‘घरी वाचा’च म्हणत राहणार.

त्यानंतर गोळी आली. सिल्डेनाफिल खरं तर छातीतल्या कळेवर काढली होती. कळेवर ती बेताचीच ठरली, पण चाचणीतल्या पुरुषांनी दुसराच गुण सांगितला. २७ मार्च १९९८ ला तिला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीचं वैद्यकातलं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाबद्दल. त्याच नायट्रिक ऑक्साइडचा निरोप ही गोळी जास्त वेळ टिकवून धरते. निरोपच निघाला नाही तर तीही काही करू शकत नाही. इच्छा आणि स्पर्श घरचाच लागतो.

“एक विचारू?” मी म्हटलं, आणि निळ्या ट्यूबलाइटची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. असल्या भस्मांत बऱ्याचदा हीच गोळी कुटून घातलेली सापडते, म्हणाले. गोळी ज्या विकराला अडवते, त्याच्याच घराण्यातलं एक विकर डोळ्याच्या पडद्यात असतं, त्याला धक्का लागला की निळसर दिसतं. डोकं दुखणं, तोंड लाल होणं, नाक चोंदणं, सगळं पुस्तकात आहे तसंच. “छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारा एखादा ही पुडी घेईल, तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळेल. जीव जातो यात.” तेजोवृद्धी म्हणून मी जिचं कौतुक केलं होतं ती कुठल्या कारखान्यातली, किती मिलिग्रॅमची, कशात कुटलेली, ते तंबूबरोबरच गेलं.

घरी येऊन बायकोपुढं कागद ठेवले. तिनं साखरेचा आकडा पाहिला आणि म्हणाली, “तरीच.”

“तरीच काय?”

“आंगणात तुम्ही रात्री जाता नं, त्या कोपऱ्यात सकाळी मुंग्याची रांग राहते. आईनं पण पाह्यलं. आमी म्हटलं, साखर असन. तुमाले सांगितलं बी होतं, पण तुमी मोबाईलमंदी तोंड घालून.”

म्हणजे मी दोन खंडांतलं वाङ्मय पालथं घालत होतो आणि निदान मोरीशेजारी रांगेनं चाललं होतं. मग ती थोडा वेळ गप्प बसली. कागदाची घडी घालत म्हणाली, “मले वाटलं, माझ्यावरून तुमचं मन उडालं.” एवढा काळ मी माझ्याच पेपरला नापास होत होतो. बाजूच्या बाकावर तीही तोच पेपर सोडवत बसली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

उपचार विचाराल तर फार रसभरित नाही. साखरेची गोळी, दाबाची गोळी (दाबाच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी निवडून दिली), भात निम्मा, आणि आमच्या भागात भात निम्मा म्हणजे माणूस आजारी असल्याची गावाला लेखी सूचनाच. सकाळी चालणं. खर्रा बंद. टपरीवरचा पोरगा मला बघून सवयीनं पन्नी उचलतो, मी मान हलवतो, तो खाली ठेवतो. त्याला वाटतं मी उधारीवरून रागावलो आहे.

सगळ्यांत अवघड निघाली ती मनासाठी दिलेली चिठ्ठी. काही आठवडे ‘ते’ करायचंच नाही, म्हणाले डॉक्टर. बंदी. फक्त शेजारी बसायचं, हात धरायचा, पाठीवरून हात फिरवायचा, बोलायचं. परीक्षाच रद्द केली की पथक येत नाही. हाही मास्टर्स-जॉन्सन यांचाच उपाय. अमेरिकेत सोपा असेल. आमचं घर दोन खोल्यांचं, मधल्या भिंतीला वरून हातभर फट, आणि पलीकडे आई. पंचवीस वर्षं संसार झाला तरी विनाकारण एकमेकांचा हात धरून बसायची आम्हाला सवय नाही. पहिल्या रात्री बसलो. काय बोलायचं सुचेना, म्हणून धानाच्या बोनसवर बोललो. मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसायला लागली, मग मी. भिंतीपलीकडून आवाज आला, “कोण जागी आहे गा? दार लावलं का?” आम्ही तोंडावर पांघरूण घेतलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असंच व्हायचं.

बंदी पूर्ण पाळली गेली का, हे संपादकांनी विचारलेलं नाही.

परवा शाळा सुटल्यावर पीटीचे मास्तर माझ्या गाडीपाशी आले. इकडेतिकडे पाहिलं. पायात तेच कॅनव्हासचे बूट.

“गुरुजी, गोंदियाचा तो मुतखड्याचा डॉक्टर कसा आहे?”

“कुणासाठी?”

“एक मित्र आहे.”

मी म्हटलं, मित्राला आधी आपल्या सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी साखर आणि दाब बघायला सांगा. आणि गोंदियाला जायचं तर सौंदडहून नको, एसटीनंच जा, तिथल्या बाकावर सगळे आपलेच असतात. त्यांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, “आणि मी तुमाले मुसळी देली होती, ते उरली का?”

“पाव किलो आहे.”

“लाडू वळलेली?”

“नाही, कोरी आहे. न्या. पण गूळ घालू नका.”